ट्रॅकच्या गाडीत डेटा लॉगर बसवणं आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक सीझनच्या आधी तेच प्रश्न येतात, मेसेजवर, फोनवर, कधी गॅरेजमध्ये उभं राहून, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. डेटा लॉगर म्हणजे गाडीचा वेग, ब्रेक, थ्रॉटल असे आकडे सतत नोंदवून ठेवणारा बॉक्स, आणि त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक चॅनल. मुंबईत आपल्याकडे सर्किट नाही. गाडी ट्रेलरवर चढवून चेन्नई किंवा कोइम्बतूर, म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर, आणि तिथे पोचल्यावर एक चॅनल दिसत नाही म्हणून डॅशखाली आडवं पडून वायर शोधण्यात अख्खं सेशन जातं. त्यामुळे खालच्या सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे, जे काही सिद्ध करायचं ते इथेच, आपल्या पार्किंगमध्ये करायचं आणि मगच गाडी चढवायची.

१. मोबाईलवर अ‍ॅप टाकलं की लॅप टाइम येतोच, मग वेगळा लॉगर कशाला?

फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. १०० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे दोन बिंदूंच्या मध्ये तुमचा अख्खा ब्रेकिंग झोन गायब होऊ शकतो. रेसक्रोनोसारखी अ‍ॅप्स स्वतः चांगली आहेत, त्यांना २५ हर्ट्झचा (सेकंदाला २५ वेळा जागा सांगणारा) रेसबॉक्स मिनीसारखा बाहेरचा रिसीव्हर जोडला तर त्याच स्पीडला दर मीटर-सव्वा मीटरला एक बिंदू मिळतो आणि नवशिक्याला ते खरंच पुरतं. पण लॅप अर्धा सेकंद स्लो का गेला हे कळायला ब्रेक, थ्रॉटल आणि स्टिअरिंग एकाच टाइमलाइनवर लागतात, आणि ते काम वायरने जोडलेल्या लॉगरचं.

२. पहिल्यांदा घेतोय, किती चॅनल पाहिजेत?

जीपीएस स्पीड, आरपीएम, थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग. या पाचवर दोन सीझन शिकता येतं. सहावा मी ऑइल प्रेशर घालतो आणि इतरांनाही घालायला लावतो, कारण साध्या संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) इंजिनात लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पिकअप क्षणभर हवा ओढतो, आणि डॅशवरचा दिवा पेटेपर्यंत बेअरिंगला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ग्राफवर तो खड्डा पहिल्या सेशनलाच दिसतो. एआयएम, मोटेक, व्हीबॉक्स सगळे चांगले आहेत. घेताना एवढंच बघा की अ‍ॅनालॉग इनपुट (सेन्सरचा व्होल्टेज वाचणारे) किती आहेत आणि कॅन (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरवर आपसात बोलतात ती लाइन) घेतो का, नुसत्या स्क्रीनच्या साइजवर जाऊ नका.

३. वायर, थिंबल, कनेक्टर मुंबईत कुठे मिळतील आणि दुकानात काय मागायचं?

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान, हीट श्रिंक, रेझिस्टर, मल्टिमीटर यासाठी लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. केबल आणि थिंबल (वायरच्या टोकाला बसतं ते धातूचं टर्मिनल) लोहार चाळीत, क्रिंपिंग टूल आणि बाकी हत्यारं नागदेवीला, गाडीचे जुने सॉकेट आणि पिगटेल (वायरच्या तुकड्यासकट प्लग) कुर्ल्याला सीएसटी रोडवर. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच उरकून घ्या.

घरातल्या वायरिंगची सिंगल कोर वायर गाडीत चालत नाही, ती व्हायब्रेशनने तुटते. बारीक तारांची मल्टिस्ट्रँड घ्यायची, सिग्नलला ०.५ स्क्वेअर एमएम भरपूर झालं, आणि जमलं तर टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली), का ते प्र. १४ मध्ये आहे. इंजिन बेमध्ये साधं पीव्हीसी इन्सुलेशन मऊ पडतं, तिथे क्रॉसलिंक्ड किंवा टेफ्लॉनवाली. कनेक्टर डॉइच डीटीएम मिळाले तर सोनं, आणि एआयएमचे सेन्सर बाइंडर ७१२ प्लगवर येतात, तेव्हा एक्स्टेन्शन बनवायचं असेल तर नुसता फोटो दाखवण्यापेक्षा प्लगच बरोबर घेऊन जा.

४. पॉवर कुठून घेऊ? म्युझिक सिस्टीमच्या वायरवरून घेतली तर?

नको. लॉगरची स्वतःची लाइन असू द्या. बॅटरीपासून निघाल्या निघाल्या इनलाइन फ्यूज, मग इग्निशनवर चालणारा रिले, मग लॉगर. फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे कारण तो लॉगरला नाही तर वायरला वाचवतो, वाटेत कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या पुढचाच भाग सुरक्षित असतो. बहुतेक लॉगर एक अँपिअरपेक्षा कमी खातात, दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो. पंखा, फ्युएल पंप, कॉइल यांच्या लाइनवर अजिबात बसवू नका.

सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली येते आणि काही लॉगर तेव्हा रीस्टार्ट होतात. तुमचा होत असेल तर आधी इंजिन चालू करा, मग लॉगर, त्यासाठी रिलेच्या कंट्रोल वायरवर छोटा टॉगल टाकला की झालं. किल स्विच (गाडीचा सगळा करंट तोडणारा स्विच) असेल तर ही लाइन त्याच्या नंतरूनच काढायची, स्विच मारल्यावर गाडीत काहीही जिवंत राहता कामा नये. आता काही लॉगरना फाइल बंद करायला एक-दोन सेकंद लागतात, एकदम करंट गेला तर शेवटचा रन खराब होतो. रोज गाडी बंद करताना आधी लॉगर बंद, मग किल स्विच, अशी सवय लावून घ्या.

५. अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, कुठेही बॉडीला लावली तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉडीचा पत्रा म्हणजे शून्य व्होल्ट असं आपण धरून चालतो, पण पंखा आणि हेडलाइट चालू झाले की त्याच पत्र्यातून करंट परत जातो आणि जागेजागेला थोडा थोडा व्होल्टेज उभा राहतो. ब्रेक प्रेशर सेन्सर समजा १०० बारचा आहे आणि ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो, म्हणजे चार व्होल्टमध्ये १०० बार. अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला की ग्राफवर अडीच बारची चूक, आणि ती पंखा चालू-बंद होईल तशी येते-जाते. तुम्ही समजता पाय पेडलवर टेकतोय, आणि पाय तर हवेत आहे.

म्हणून सेन्सरचा अर्थ बॉडीला लावायचाच नाही. पाच व्होल्ट, सिग्नल आणि अर्थ, तिन्ही वायर लॉगरपर्यंत परत आणायच्या. लॉगरचा स्वतःचा अर्थ थेट बॅटरी निगेटिव्हला, किंवा बॅटरीची जाड केबल जिथे बॉडीला बसते त्याच बोल्टला, रंग खरवडून. शील्डवाली केबल असेल तर शील्ड एकाच टोकाला जोडा, दोन्ही टोकांना जोडली की तिच्यातूनच करंट फिरायला लागतो, म्हणजे अर्थ लूप होते.

तपासायचं असं: मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, काळी पिन बॅटरी निगेटिव्हवर, लाल पिन लॉगरच्या अर्थ पिनवर, इंजिन चालू, पंखा आणि हेडलाइट चालू. दहा-वीस मिलिव्होल्ट चालतात. १०० च्या वर गेलं तर जॉइंट उघडा, साफ करा, परत मोजा.

६. सोल्डर चांगला की क्रिंप (टर्मिनल वायरवर दाबून बसवणं)? आमचा वायरमन म्हणतो सोल्डरच पक्का.

टेबलावर सोल्डर पक्काच असतो. गाडीत मात्र सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं त्याच रेषेवर वायर व्हायब्रेशनने वाकत राहते. चेन्नईला एकदा आमचा ब्रेकचा चॅनल फक्त कर्बवर चाकं गेली की शून्य दाखवायचा. दोन सेशन सेन्सरवर संशय घेत गेली. शेवटी हीट श्रिंक ब्लेडने चिरली तर जॉइंट चकचकीत, आणि त्याच्या मागे दोन मिलिमीटरवर आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या, वरचं इन्सुलेशन अख्खं. ओढली की रबरासारखी ताणायची. तो जॉइंट मीच केलेला होता, आणि त्यानंतर गाडीत सोल्डर केलेला नाही.

क्रिंप करा, पण कनेक्टरच्या टर्मिनलला जे टूल लागतं त्यानेच, पकडीने दाबलेलं थिंबल म्हणजे क्रिंप नाही. दाबल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघायची. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक, आणि जॉइंटच्या तीन-चार सेंटीमीटरवर वायर कशाला तरी बांधलेली, म्हणजे ताण जॉइंटवर येत नाही.

७. ओबीडी पोर्टात (डॅशखालचं गाडी तपासायचं सॉकेट) डाँगल खोचला की सगळं मिळतं ना?

बरंच मिळतं, पण हळू. ओबीडीवर लॉगर एकेक गोष्ट विचारतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एकेक उत्तर देतो, चॅनल वाढवाल तसा प्रत्येकाचा वेग वाटला जातो, त्यामुळे पाच चॅनल मागितले की प्रत्येक चॅनल सेकंदाला एक-दोनदाच येऊ शकतो. पाण्याचं टेम्परेचर बघायला ठीक, थ्रॉटल बघायला नाही. तेच आकडे गाडीच्या कॅन बसवर सेकंदाला पन्नास-शंभर वेळा आपणहून फिरत असतात, नुसतं ऐकायचं असतं. ते कसं, पुढच्या प्रश्नात.

आणखी एक, पोर्टाची १६ नंबरची पिन इग्निशन बंद असली तरी जिवंत असते. डाँगलने ०.१ अँपिअर जरी खाल्ला तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर गेले, ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी मान टाकतो. पार्किंगमध्ये गाडी महिनाभर उभी ठेवणाऱ्यांनी डाँगल काढूनच ठेवायचा.

८. कॅनच्या दोन वायर कुठून घ्यायच्या आणि जोडल्यावर बरोबर आहे कसं कळणार?

ओबीडी पोर्टात ६ नंबर कॅन हाय, १४ नंबर कॅन लो. दोन्ही वायर पीळ घालून न्यायच्या, साधारण इंचाला एक पीळ, आणि मुख्य बसपासून लॉगरपर्यंतची फांदी शक्यतो ३० सेंटीमीटरच्या आत, लांब फांदीत सिग्नल आपटून परत येतो.

जोडायच्या आधी बॅटरी काढा आणि या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला पाहिजे. लॉगर जोडून परत मोजा. ४० आले तर लॉगरच्या आतलं टर्मिनेशन (तसाच १२० ओहमचा रेझिस्टर) चालू राहिलंय, ते बंद करा. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर लागलेला नाही किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ आले तर हाय-लो एकमेकांना चिकटलेत, बॅटरी लावूच नका. इग्निशन ऑन करून अर्थशी मोजलं तर दोन्हीवर अडीच व्होल्टच्या आसपास दिसतं, हाय किंचित वर आणि लो किंचित खाली.

लॉगरच्या सेटिंगमध्ये लिसन ओन्ली (नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही) असेल तर तेच ठेवा, आणि बॉड रेट (बसवर डेटा जायचा वेग) बरोबर टाका, बऱ्याच गाड्यांत इंजिनचा कॅन ५०० केबीपीएस असतो. चुकीच्या रेटला गप्प न बसणारा लॉगर सगळी बस बिघडवतो आणि मग एबीएस, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम लागतात.

९. ६० ओहम येतात, वायर बरोबर आहे, तरी लॉगरमध्ये एकही आकडा नाही. का?

गाडीत गेटवे असणार. युरोपियन गाड्यांमध्ये हे नेहमीचं आहे, पोर्ट आणि आतल्या बसमध्ये एक मॉड्यूल बसलेलं असतं, ते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतं पण आतली बडबड बाहेर येऊ देत नाही. अशा वेळी गेटवेच्या मागे, म्हणजे मीटर क्लस्टर किंवा ईसीयूच्या जोडापाशी, कॅन पकडावा लागतो. वायर कापायची भीती वाटत असेल तर इन्सुलेशनवरून नुसता चिमटा लावून ऐकणारे कॅन रीडर मिळतात, वॉरंटीतल्या गाडीला मी तेच सांगतो.

१०. माझी जुनी एस्टीम आहे, तिच्यात कॅनच नाही. मग?

मग सगळं स्वतः सेन्सर लावून, आणि खरं सांगायचं तर वायरिंग शिकायला याहून चांगली गाडी नाही. आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ मध्ये, त्याआधीच्या गाड्यांत काय मिळेल याची खात्री नसते. आरपीएम कॉइलच्या निगेटिव्हवरून घेता येतं, पण तिथे स्पार्कच्या क्षणी काहीशे व्होल्टचा झटका येतो, त्यामुळे लॉगरच्या खास आरपीएम इनपुटलाच जोडायचं, साध्या ०-५ व्होल्टच्या इनपुटला लावलंत तर तो इनपुट गेला. थ्रॉटल बॉडीवर पोटेन्शिओमीटर (फिरवला की व्होल्टेज बदलणारा सेन्सर) आणि स्टिअरिंग कॉलमवर एक, एवढ्यावर काम होतं.

११. ब्रेक प्रेशर सेन्सर बसवताना काय सांभाळायचं?

ब्रेकची लाइन उघडणार आहात, त्यामुळे हे काम ब्रेकचं काम येणाऱ्या मिस्त्रीकडूनच. टी फिटिंगचं थ्रेड मोजून घ्या, बऱ्याच गाड्यांत एम१० बाय १ असतं पण अंदाजाने पिळू नका, आणि ब्रेकच्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप कधीही नाही. पूर्ण ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं), मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, फिटिंगवर टिश्यू फिरवा, ओला झाला तर गाडी हलवू नका. वायरिंगसाठी प्र. ५ बघा. हा खर्च जमत नसेल तर ब्रेक लाइटच्या स्विचवरून चालू-बंद तरी घ्या, फक्त ते १२ व्होल्ट आहेत आणि तुमचा इनपुट पाचचा असेल तर मध्ये व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारे दोन रेझिस्टर) लागतो.

१२. थ्रॉटल किंवा एबीएसच्या सेन्सरच्याच वायरला टॅप मारू का? वायर वाचेल.

केबल नसलेल्या, ड्राइव्ह बाय वायर थ्रॉटलला हात लावू नका. त्यात दोन सेन्सर असतात आणि ईसीयू त्यांची सतत तुलना करतो, तुमच्या टॅपने एकाचा आकडा जरासा हलला की गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीयू पॉवर कापतो, तेही कदाचित स्ट्रेटवर मागून गाडी येत असताना. एबीएसचे आत्ताचे व्हील सेन्सर दोन वायरचे असतात आणि करंटवर बोलतात, ७ आणि १४ मिलीअँपिअर, त्यात काही जोडलं की एबीएस बंद पडू शकतं. हे दोन्ही आकडे कॅनवरून घ्या, प्र. ८. जुन्या केबल थ्रॉटलच्या सेन्सरला टॅप चालतो, लॉगरच्या त्या इनपुटचा पुल-अप (आतून पाच व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) बंद ठेवून.

१३. टेम्परेचर आणि जीपीएसचे आकडे वेडेवाकडे येतात, दोन्हीचं कारण एकच आहे का?

नाही. एक्झॉस्टला लावतो तो के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा टेम्परेचर सेन्सर) असतो, त्याची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडली की आकडा चुकतो. एक्स्टेन्शनही के टाइपचंच पाहिजे, प्लगसकट.

जीपीएसचा अँटेना छपरावर, मध्यभागी, पत्र्यावर चुंबकाने बसलेला. डॅशखाली किंवा मेटल फिल्मच्या काचेमागे सिग्नल अर्धवट मिळतो. स्वस्त डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर हे जीपीएसचे मोठे शत्रू, आकडे उडत असतील तर पहिले ते दोन्ही काढून बघा. आणि मुंबईत बंद केलेला लॉगर थेट चेन्नईत चालू केला तर पहिला फिक्स यायला काही मिनिटं लागू शकतात, पिट लेनमध्ये जायच्या पंधरा मिनिटं आधी उघड्या आकाशाखाली चालू करून ठेवा.

१४. मुंबईच्या पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते, वायरिंगला काही होतं का?

होतं. खारी दमट हवा उघड्या टोकातून केशिकेसारखी वर चढते आणि तांबं इन्सुलेशनच्या आत हिरवं पडतं, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून टिन केलेली वायर आणि गोंदवाली हीट श्रिंक. रिकामे कनेक्टर उघडे सोडू नका, टोपी नसेल तर डमी प्लग लावून बंद करा. फायरवॉलमधून वायर ग्रोमेटमधूनच न्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत येत नाही. सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येक प्लग एकदा उघडून बघायचा.

१५. लॉगरचा बॉक्स डबल टेपने चिकटवला तर राहील का?

मे महिन्यात बंद गाडीत टेप मऊ होतो, आणि धडकेत तोच बॉक्स ड्रायव्हरकडे उडतो. बोल्ट लावा. लॉगरमध्येच अ‍ॅक्सिलरोमीटर असेल तर तो गाडीच्या मध्याजवळ, सपाट, बाणाची दिशा बरोबर ठेवून, आणि बसवल्यावर सपाट जमिनीवर कॅलिब्रेट करायचा. वायर रोल केजला पी क्लिपने, पेडलच्या आसपास एकही लोंबती वायर नको.

१६. ट्रॅकवर जायच्या आधी पार्किंगमध्ये नक्की काय काय तपासू?

लॅपटॉप जोडा, रेकॉर्डिंग चालू करा. थ्रॉटल पूर्ण दाबा आणि सोडा, ० ते १०० दिसलं पाहिजे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा. ब्रेक सोडल्यावर शून्य. मग हेडलाइट, पंखा, वायपर एकेक चालू करा आणि बघा कुठला ग्राफ हलतो का, हलला तर प्र. ५. त्यानंतर रेकॉर्डिंग चालू असतानाच प्रत्येक वायरचा गठ्ठा हाताने हलवा, ओढा, पिळा, आणि फाइल उघडून शोधा कुठे तुटलेली रेष दिसते का. हे करायला अर्धा तास लागतो आणि प्र. ६ मधला बिघाड याच पद्धतीने इथेच सापडला असता.

गाडी रस्त्यावर चालवायला पासिंग असेल तर पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर नियमातल्या वेगात एक फेरी मारा. बोगद्यात जीपीएस जाणारच, बाहेर आल्यावर किती लवकर परत येतो ते बघायचं. मागे कोणी नसताना, फ्रीवेवरून उतरून एखाद्या रिकाम्या रस्त्यावर ६० वरून चार सेकंदांत थांबा, ग्राफवर सरासरी ०.४ जीच्या (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं) जरा वर दिसलं पाहिजे. खूपच वेगळं दिसलं तर बॉक्स वाकडा बसलाय किंवा कॅलिब्रेशन राहिलंय. पासिंग नसेल तर ट्रेलरवरून नेताना लॉगर चालू ठेवा, जीपीएस तरी तपासून होतो.

१७. रेसमध्ये लॉगर चालतो का, की काढायला लावतात?

क्लासप्रमाणे बदलतं. वन मेक सीरिजमध्ये (सगळ्यांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या) बऱ्याचदा ठरावीकच लॉगर चालतो किंवा सेन्सर लावायला बंदी असते. त्या वर्षीचे नियम वाचा, आणि स्क्रूटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) जाताना लॉगरची लाइन किल स्विचने बंद होते हे दाखवायची तयारी ठेवा (प्र. ४).

१८. उभ्या गाडीत सगळं ठीक, वर दिलेलं सगळं तपासलं, पण दहा मिनिटं पळवली की एक चॅनल मरतो आणि थंड झाल्यावर परत येतो. आता काय?

उष्णता. वायर एक्झॉस्टजवळून गेलीय, किंवा सेन्सरच त्याच्या मर्यादेपलीकडे तापतोय, किंवा एखादी पिन गरम झाल्यावर सैल होतेय. आधी मरणारा चॅनल कुठल्या वायरवर आहे ते पकडा. मग पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून हेअर ड्रायरने त्या वायरचा एकेक फूट तापवत जा, लॅपटॉपवर ग्राफ समोर ठेवून. दोन माणसं लागतात, एक ड्रायर धरायला, एक स्क्रीनकडे बघायला. कनेक्टरपाशी ग्राफ पडला तर पिन बदला, मधेच पडला तर ती वायर पूर्ण नवीन टाका, मधे जोड देऊ नका. कुठेच पडला नाही तर सेन्सर काढून पाण्यात उकळा, अर्थात तो टेम्परेचर सेन्सर असेल तरच. १०० अंशांच्या आसपास दाखवत नसेल तर दोष सापडला.